बटण अकरावर, वाद्य सुरात

मी पुण्यात बास गिटार वाजवतो. आमच्या बँडची गाणी मराठी, विनोदी आणि पक्की हेवी मेटल. या वाटेवर आमच्यापुढे एकच मोठा आदर्श आहे, स्पायनल टॅप. क्रिस्टोफर गेस्ट, मायकल मकीन आणि हॅरी शिअरर या अमेरिकी नटांनी १९७९ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी हा खोटा इंग्लिश बँड उभा केला. १९८४ मध्ये रॉब रायनर यांनी त्याच्यावर ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा लुटुपुटीचा माहितीपट काढला, आणि खोटा बँड खरेखुरे दौरे करू लागला. त्यांच्याकडून जे घेतलं आणि स्टेजवर पटत गेलं, ते इथे मांडतो.

१. आधी वाजवता आलं पाहिजे. त्या चित्रपटातले बहुतेक संवाद नटांना जागच्या जागी सुचलेले आहेत, गाणी मात्र त्यांनी स्वतः रचलेली, बसवलेली आणि वाजवलेली. बोलणं सैल चालतं, ताल सैल चालत नाही. ‘बिग बॉटम’ या गाण्यात तिघंही बास वाजवतात. कल्पना ऐकूनच हसू येतं, पण तीन बास एकत्र वाजवून बघा! खर्जातले स्वर एकमेकांवर चढतात आणि नुसती गुरगुर उरते. आम्ही तालमीत हे करून पाहिलं. एकाने मूळ सूर धरला, दुसरा वरच्या सप्तकात गेला, तिसऱ्याने फक्त ठोके दिले, तेव्हा कुठे गाणं ऐकू आलं. २००७ मध्ये वेम्ब्लीतल्या ‘लाइव्ह अर्थ’च्या मैफलीत याच गाण्याला त्यांनी इतर बँडच्या बासवाल्यांनाही स्टेजवर बोलावून घेतलं. ज्यांच्या धंद्याची थट्टा केली तेच आनंदाने साथीला आले. माझ्या मते कुठल्याही पुरस्कारापेक्षा ही दाद मोठी.

२. ज्याची चेष्टा करायची त्याच्यावर जीव हवा. चित्रपटात स्टेजच्या देखाव्यासाठी इंग्लंडमधल्या प्राचीन स्टोनहेंजच्या दगडाची प्रतिकृती करायची असते, तिच्या आराखड्यावर फुटांऐवजी इंचांची खूण पडते आणि अठरा इंचांचा दगड स्टेजवर उतरतो. ब्लॅक सॅबथ या खऱ्या बँडच्या १९८३ च्या दौऱ्यात नेमकं उलट झालं होतं. त्यांचा स्टोनहेंजचा देखावा इतका अवाढव्य की बहुतेक सभागृहांत मावेना. असा विनोद आतल्या माणसालाच सुचतो. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं मांडवामागच्या जनरेटरवर आहे, कारण त्याच्या भरवशावर आम्ही कितीतरी गणपती वाजवले आहेत.

३. स्टेजवर हसायचं नाही. चित्रपटातला गिटारवादक नायजेल टफनेल आपल्या अँप्लिफायरचं बटण दहाऐवजी अकरापर्यंत जातं हे अभिमानाने सांगतो. त्याच्या लेखी तो विनोद नाहीच, म्हणून आपण हसतो. पुढे मार्शल कंपनीने वीसपर्यंत आकडे असलेला अँप्लिफायर काढला आणि जाहिरातीत टफनेललाच उभं केलं.

४. विग काढून गाऊन बघावं. २००९ मध्ये या तिघांनी विगही नाहीत आणि मोठा आवाजही नाही असा दौरा केला. तीच गाणी साध्या गिटारवर उभी राहिली. आमचं नवं गाणं आता आधी घरात, अकूस्टिक गिटारवर म्हटलं जातं. तिथे पडलं तर स्टेजवर जात नाही.

५. आलेला श्रोता तुमच्या ओळखीच्या रूपासाठीच आलेला असतो. हेच तिघं ‘फोक्समेन’ नावाने लोकगीतंही गात. त्या वेषात स्पायनल टॅपच्याच कार्यक्रमाआधी ते आले, तेव्हा टॅपच्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली.

६. कागद करा. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. शिअरर यांनी २०१६ मध्ये चित्रपटाच्या मालक कंपनीवर दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की, दोन दशकांहून जास्त काळात टी-शर्ट वगैरे मालाच्या विक्रीतून रायनर धरून चौघा कर्त्यांच्या वाट्याला मिळून ८१ डॉलर दाखवले गेले, आणि संगीताच्या विक्रीतून ९८. जगभर गाजलेल्या कामाचे एवढेच? वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमचंही एक गाणं एका आयोजकाने न विचारता आपल्या जाहिरातीत वापरलं आणि आमच्या हातात दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून सगळ्यांच्या सह्या होतात, आणि गीतकार-संगीतकारांची नोंद आयपीआरएस या त्यांच्या हक्कांच्या संस्थेकडे केली जाते. मैत्री याने तुटत नाही. गेस्ट, मकीन आणि रायनर तर शिअरर यांच्या दाव्यात त्यांच्याच बाजूने सामील झाले.

७. गळा जपा. तो तंटा मिटल्यावर, २०२५ मध्ये त्यांचा दुसरा चित्रपट आला. पॉल मकार्टनी आणि एल्टन जॉन त्यात आहेत. शिअरर तोवर ऐंशीच्या पुढे गेले होते. आमचा गायक मात्र चाळिशीतच ‘आता ओरडणं झेपत नाही’ म्हणू लागला होता. त्याला मी आवाजाच्या डॉक्टरांकडे नेलं. आता तालमीआधी तो गळा तापवतो, आणि जनरेटरचं गाणं आम्ही एक सूर खाली घेतलं आहे.