घरपट्टीची हरकत वेळेत घ्या

रामटेकच्या गल्लीतल्या टिनाच्या कारखान्याला भर बाजारातल्या पक्क्या दुकानाचा दर लागला, तर कारागिराने काय करावे? 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार आकारणी यादी जाहीर झाल्यावर हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. आमचे व्यापारी बांधव मात्र बिल हाती पडेपर्यंत थांबतात, आणि तिथेच घात होतो. मुदतीत लेखी हरकत नसेल तर पुढे अपील चालत नाही. अपीलही बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत, मागणीची रक्कम भरूनच करावे लागते.

म्हणून स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल हरकतीलाच जोडावा, असे आम्ही सुचवतो. ‘कर जास्त आहे’ एवढ्याने भागत नाही. अहवालात मापे, बांधकामाचा प्रकार व वय, शेजारच्या तशाच जागांची भाडी यावीत. कार्तिकातल्या यात्रेचे चढे भाडे वर्षभराचे धरले असेल तर तेही दाखवावे. आकारणी भाडेमूल्यावर असेल तर दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा झाले का पाहा: वार्षिक 24,000 रुपयांचे 21,600 व्हायला हवेत.

हरकतीच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, सुनावणीला स्वतः जा. मूल्यांकनकाराची फी आधी ठरवा. लहान दुकानाला ती वाचणाऱ्या करापेक्षा जड वाटली, तर मोजमापाचा नकाशा आणि भाडेपावत्या जोडून हरकत द्या.