काळे कुठे गेली? संगणक नावांचा क्रम कसा लावतो



गेल्या सत्रात वर्गाची यादी मी संगणकावर आडनावांच्या क्रमाने लावली आणि फळ्याशेजारी चिकटवली. थोड्या वेळाने काळे आडनावाची मुलगी रडवेली होऊन आली. "बाई, माझं नाव कापलं का?" तिने कासारच्या खाली शोधलं होतं. नाव होतं, पण काशीदच्याही वर! मुलगी चुकली नव्हती. वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, हे तिला मीच शिकवलं होतं. मग चुकलं कोण?

संगणकाला अक्षर नव्हे, अंक दिसतो

संगणक मजकूर बाइटच्या रूपात ठेवतो. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक अंक. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ल म्हणजे २२४, १६४, १७८. ळ चा शेवटचा बाइट १७९, व चा १८१, ह चा १८५. म्हणून नुसते बाइट बघितले की ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो.

गठ्ठे करायची युक्ती

क्रम लावायची नेहमीची रीत म्हणजे दोन-दोन नावांची तुलना. पण "कांबळे" आणि "काशीद" यांची सुरुवात सारखीच, त्यामुळे तेच बाइट पुन्हा पुन्हा वाचावे लागतात. त्यापेक्षा आपण उत्तरपत्रिका लावतो तसं करावं. आधी पहिल्या अक्षराचे गठ्ठे, मग प्रत्येक गठ्ठ्यात दुसऱ्या अक्षराचे. गठ्ठ्यात एकच नाव उरलं की थांबायचं. याला रॅडिक्स सॉर्ट म्हणतात.

सी भाषेसाठी हे काम करणारं "रॅडिक्ससॉर्ट" नावाचं तयार फंक्शन ४.४बीएसडी या प्रणालीत आलं. त्यामागचा विचार पीटर मॅकिलरॉय, कीथ बॉस्टिक आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९९३ मध्ये लेखात मांडला. ते आधी प्रत्येक गठ्ठ्यात किती नावं येणार हे मोजतं, तेवढ्या जागा राखतं आणि मग नावं आपापल्या जागी हलवतं. त्यामुळे वेगळी यादी ठेवायला जास्तीची जागा लागत नाही. मात्र दोन नावं अगदी सारखी असतील, तर त्यांचा मूळचा आपसातला क्रम टिकेलच असं नाही. तो टिकवायचा असेल तर "एसरॅडिक्ससॉर्ट" हे जोडीचं फंक्शन आहे. त्याला थोडी जास्त जागा लागते.

क्रम आपणच सांगायचा

या फंक्शनला २५६ वजनांचा एक तक्ता देता येतो. कोणता बाइट आधी, कोणता नंतर, ते त्यात लिहायचं. इंग्रजीत लहान-मोठ्या अक्षरांना सारखंच वजन देता येतं. आपल्या यादीसाठी १७९ ला १८५ पेक्षा जास्त वजन दिलं, की काळे कासारच्या खाली जाते!

वर्गात करून बघा

१. प्रत्येक मुलाला आडनावाची एक चिठ्ठी द्या.
२. एका गटाला दोन-दोन चिठ्ठ्यांची तुलना करून क्रम लावायला सांगा, दुसऱ्या गटाला गठ्ठे करून.
३. दोन्ही गटांनी किती वेळा अक्षर वाचलं, ते मोजा.
४. शेवटी १, २, १०, ११ हे आकडे मजकूर समजून लावायला सांगा. १, १०, ११, २ असा क्रम का आला, यावर मुलांना बोलू द्या.

यंत्र फक्त सांगितलेला क्रम पाळतं. आपल्या भाषेचा क्रम त्याला आपणच सांगायला हवा. मी यादी दुरुस्त करून लावली, तेव्हा त्या मुलीने सगळ्यांत आधी स्वतःचं नाव शोधलं. या वेळी ते तिच्या जागेवर होतं.