पाणबुडीचा कॅप्टन हॉलिवूडमध्ये खलनायक का झाला?

प्रश्न : तरुणपणी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून ‘बेव्हर्ली हिल्स कॉप २’ पाहिला होता. परवा मुलाने ‘दास बोट’ हा जर्मन चित्रपट दाखवला. त्यातल्या पाणबुडीच्या कॅप्टनचा चेहरा सारखा ओळखीचा वाटत होता. शेवटी कळलं, एडी मर्फीच्या चित्रपटातला तो शस्त्रांचा दलाल म्हणजे हाच! एवढा ताकदीचा नट अमेरिकेत जाऊन मारधाडपटांत व्हिलनची कामं का करत राहिला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तो चेहरा युर्गेन प्रॉखनो यांचा. एकदा पाहिला की विसरता येत नाही असा चेहरा आहे तो : खडबडीत गाल, फिकट डोळे, घट्ट मिटलेले ओठ. तुमच्या प्रश्नातली हळहळ मलाही वाटते. पण त्यांनी हॉलिवूडमध्ये रंगवलेल्या खलनायकांचं मूळ मला त्या कॅप्टनमध्येच दिसतं, म्हणून आधी कॅप्टनकडेच जायला हवं. त्याच्याही थोडं मागे जाऊ.

प्रॉखनो यांचा जन्म १९४१ सालचा, बर्लिनमधला, वाढले ड्युसेलडॉर्फमध्ये. एसेनच्या फोल्कवांग संस्थेत त्यांनी अभिनयाचं शिक्षण घेतलं आणि मग बोखुमसारख्या शहरांतल्या रंगभूमीवर कामं केली. पश्चिम जर्मनीच्या सिनेमात तेव्हा नव्या दिग्दर्शकांची पिढी उभी राहत होती. राइनहार्ड हाउफ यांच्या १९७४ च्या तुरुंगपटात ते नायक होते. हाइनरिश ब्योल यांच्या कादंबरीवरून फोल्कर श्लोंडॉर्फ आणि मार्गारेटे फॉन ट्रोटा यांनी १९७५ मध्ये ‘कातारिना ब्लूम’ काढला, त्यात ज्याच्यामुळे नायिकेचं आयुष्य उद्ध्वस्त होतं तो फरारी तरुण प्रॉखनोच.

पण त्यांचं खरं गोत्र जुळलं ते वोल्फगांग पेटरसन यांच्याशी. दोघेही १९४१ चे. पेटरसन यांनी त्यांना आधी ‘टाटओर्ट’ या गाजलेल्या जर्मन गुन्हेमालिकेच्या एका भागात घेतलं आणि १९७४ मध्ये आपल्या पहिल्याच चित्रपटात प्रमुख भूमिका दिली. थरारपट म्हणून तो आजही पाहण्यासारखा आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या एका विद्यार्थ्याला कळतं की नामवंत प्राध्यापकाचा प्रबंध चोरीचा आहे. तो प्राध्यापकाला धमकावून पैसे उकळू लागतो आणि बघता बघता दोघेही एकमेकांच्या जिवावर उठतात. यातला बरा कोण आणि वाईट कोण, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. पुढे १९७७ मध्ये या जोडीने ‘दी कॉन्सेक्वेन्त्स’ केला, एक कैदी आणि तुरुंग अधिकाऱ्याचा मुलगा यांच्या प्रेमाची गोष्ट. तो दूरदर्शनवर देशभर दाखवला जात असताना बव्हेरियाच्या प्रसारण संस्थेने आपल्या भागापुरतं प्रक्षेपण बंद ठेवलं होतं. त्या काळात अशी भूमिका घ्यायला धैर्य लागत होतं, आणि प्रॉखनो यांनी ती कुठलाही आडपडदा न ठेवता केली आहे.

आता ‘दास बोट’. लोथार-ग्युंटर बुखहाइम दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाचे युद्धवार्ताहर होते. १९४१ मध्ये ते यू-९६ या पाणबुडीवरून मोहिमेवर गेले आणि त्या अनुभवावर त्यांनी १९७३ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यावर आधी अमेरिकन नट घेऊन हॉलिवूडचा चित्रपट काढायचं घाटत होतं. ते फिसकटलं आणि काम पेटरसन यांच्याकडे आलं. चित्रीकरण मुख्यतः म्युनिकच्या बाव्हारिया स्टुडिओत झालं. पाणबुडीचा आतला भाग खऱ्या मापाचा बांधला आणि तो हायड्रॉलिक यंत्रणेवर बसवून गदगदा हलवला. भिंती सरकवून कॅमेऱ्याला जागा करून द्यायची नाही, असा कटाक्ष होता. कॅमेरामन योस्ट वाकानो यांनी हातात धरून पळता येईल असा, जायरोस्कोपने स्थिर राहणारा कॅमेरा बनवून घेतला आणि अंगाला संरक्षक गाद्या बांधून त्या अरुंद बोळातून खलाशांच्या मागे धावले. नटांना उन्हात जायची बंदी होती. दाढ्या खरोखर वाढाव्यात म्हणून प्रसंगही शक्यतो कथेच्या क्रमाने चित्रित केले. वादळाच्या प्रसंगात एक नट पाण्याच्या लोटाने खरोखर फेकला गेला, त्याच्या बरगड्यांना मार बसला आणि दुसऱ्या नटाच्या तोंडून निघालेली मदतीची हाक खरी होती. ती चित्रपटात तशीच राहिली. १९८१ मध्ये तो प्रदर्शित झाला. ऑस्करची सहा नामांकनं त्याला मिळाली, त्यांत दिग्दर्शनाचंही होतं.

या सगळ्या गदारोळाच्या मधोमध प्रॉखनो जवळजवळ स्तब्ध उभे आहेत. खलाशी कॅप्टनला ‘म्हातारा’ म्हणतात, आणि ज्याच्यावरून तो बेतला ते हाइनरिश लेमान-विलेनब्रोक त्या वेळी अवघे तिशीच्या आसपासचे होते. (ते स्वतः या चित्रपटाचे सल्लागारही होते.) तुम्ही चित्रपट नुकताच पाहिला आहे, तर योहानचा प्रसंग आठवा. वरून एकामागून एक डेप्थ चार्ज फुटत असतात, इंजिनखोलीतला हा जुना, भरवशाचा माणूस भीतीने वेडापिसा होतो आणि आपली जागा सोडून धावत येतो. कॅप्टन त्याला परत जायचा हुकूम देतो, तो ऐकत नाही. तेव्हा कॅप्टन काही न बोलता जातो आणि पिस्तूल घेऊन येतो. तोवर इतरांनी योहानला आवरलेलं असतं, गोळी झाडावी लागत नाही. पण त्याने ती झाडली असती याबद्दल आपल्या मनात शंका उरत नाही. नंतर योहान शरमून त्याच्यासमोर येतो, लष्करी न्यायालयात उभं करणार का विचारतो, आणि हाच माणूस त्याला जाऊन झोपायला सांगतो. पिस्तूल आणणारा चेहरा आणि माफ करणारा चेहरा यांत प्रॉखनो यांनी फारसा फरक केलेला नाही.

आणखी एक प्रसंग. टॉर्पेडोने पेटलेलं तेलवाहू जहाज संपवायला पाणबुडी वर येते, तर जहाजावर माणसं अजून आहेत. कॅप्टन आधी संतापतो : इतके तास गेले, त्यांच्याच लोकांनी त्यांना उतरवून का नेलं नाही? जळती माणसं समुद्रात उड्या टाकतात, पोहत पाणबुडीकडे येऊ लागतात. त्यांना घ्यायला जागा नाही, मुभाही नाही. पाणबुडी मागे घेण्याचा हुकूम तो देतो तेव्हा आवाज खाली गेलेला असतो. पुढे जिब्राल्टरजवळ बोट तळाला रुतते तेव्हा हाच माणूस तरुण वार्ताहराला, त्याला सोबत आणल्याबद्दल, साध्या शब्दांत सॉरी म्हणतो. माणूस सहृदय आहे आणि तरी हुकमाचा ताबेदार आहे, हे दोन्ही त्या चेहऱ्यात एकाच वेळी मावतं. हॉलिवूडला पुढची पंचवीस वर्षं हवा होता तो हाच चेहरा.

सुरुवातीला हॉलिवूडने त्यांना खलनायक केलंही नव्हतं. मायकल मान यांच्या ‘द कीप’मध्ये (१९८३) ते नाझींच्या एसएस दलाच्या क्रौर्याला विरोध करणारे जर्मन कॅप्टन आहेत, तर डेव्हिड लिंच यांच्या ‘ड्यून’मध्ये (१९८४) नायकाचे थोर मनाचे वडील ड्यूक लेटो. पण दोन्ही चित्रपट पडले. मग १९८७ मध्ये टोनी स्कॉट यांचा ‘बेव्हर्ली हिल्स कॉप २’ आला आणि चालला. बाजार ज्याला यश मिळालं त्याचीच पुन्हा मागणी करतो. शिवाय त्या काळच्या अमेरिकन मारधाडपटाला परदेशी खलनायकाची गरज असे. दोन तासांत त्याची जडणघडण दाखवायला सवड नसते; परका उच्चार कानावर पडला की प्रेक्षक सावध होतो, आणि तेवढ्यावर काम भागवलं जाई. ही गरज किती होती ते पाहा : ‘डाय हार्ड’मधला (१९८८) हान्स ग्रुबर जर्मन दाखवलाय, पण तो साकारला ब्रिटिश अॅलन रिकमन यांनी. मग खरा जर्मन उच्चार आणि असा चेहरा असलेल्या नटाला कोण सोडणार?

तेव्हा भूमिका साचेबंद मिळाल्या हे खरंच आहे. ‘जज ड्रेड’ किंवा ‘द रिप्लेसमेंट किलर्स’मध्ये त्यांच्या वाट्याला करण्यासारखं थोडंच आलं. पण जिथे जागा मिळाली तिथे बघा. ‘अ ड्राय व्हाइट सीझन’मध्ये (१९८९) ते वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या स्पेशल ब्रँचचे कॅप्टन स्टोल्झ आहेत. घराची झडती घेताना, धमकी देताना हा माणूस अदबीने वागतो, म्हणूनच अंगावर काटा येतो. जॉन कार्पेंटर यांच्या ‘इन द माउथ ऑफ मॅडनेस’मधला भयकथालेखक सटर केन पडद्यावर थोडा वेळच दिसतो, पण चित्रपटभर त्याची सावली पडलेली असते. आणि ‘द इंग्लिश पेशंट’मधले (१९९६) मेजर म्युलर! विलेम डेफोच्या पात्राचे अंगठे छाटण्याचा हुकूम ते देतात, तो प्रसंग पाहवत नाही. कचेरीतलं साचलेलं काम उरकावं तसा त्यांचा वैताग आहे, आणि भीती वाटते ती त्याच वैतागाची.

या सगळ्यांत मला ‘एअर फोर्स वन’ (१९९७) विशेष वाटतो, कारण दिग्दर्शक पुन्हा पेटरसन. तोवर ते हॉलिवूडचे मोठे दिग्दर्शक झाले होते. प्रॉखनो इथे कझाखस्तानचा हुकूमशहा जनरल राडेक आहेत. ज्याच्या सुटकेसाठी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं विमान पळवलं जातं, तोच हा राडेक, पण संवाद त्याला जवळजवळ नाहीत. त्याला सोडण्याचा हुकूम येतो, कैदी ‘इंटरनॅशनल’ गाऊ लागतात, आणि तो तुरुंगातून ताठ मानेने चालत निघतो. मग हुकूम फिरतो आणि बाहेर पडता पडता राडेक गोळ्यांना बळी पडतो. न बोलता हा माणूस अख्खा प्रसंग पेलेल, याची खात्री पेटरसन यांना सोळा वर्षांपूर्वीच पटलेली होती.

तेव्हा ‘का करत राहिला’ याचं माझं उत्तर असं : दार तेवढंच उघडं होतं, आणि त्या दारातून जाताना त्यांनी आपलं कसब बाहेर ठेवलं नाही. तरीही अमेरिकेने त्यांना दुसरा ‘दास बोट’ द्यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. तो दिला नाही, यात नुकसान प्रेक्षकांचं झालं.

प्रश्न : जर्मन नटांना नेहमी नाझी अधिकारीच का व्हावं लागतं? त्यांना त्याचं काही वाटत नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ही प्रथा महायुद्ध चालू असतानाच पडली. ‘कासाब्लांका’मधले (१९४२) मेजर स्ट्रासर झालेले कोनराड व्हाइट हे जर्मन मूकपटांतले मोठे नट. हिटलर सत्तेवर आल्यावर ते ज्यू पत्नीसह देश सोडून गेले होते आणि ज्यांच्यापासून पळाले त्यांचीच भूमिका हॉलिवूडमध्ये करत होते. नाझी करायचा तर तो नीच दिसलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्यांच्या कामात दिसतो. पुढच्या पिढीतले थॉमस क्रेत्शमान पूर्व जर्मनीतून तरुणपणी पळून आलेले. त्यांनी गणवेश कितीतरी वेळा घातला, पण ‘द पियानिस्ट’मधला (२००२) पियानोवादकाला वाचवणारा कॅप्टन होझेनफेल्डही त्यांचाच, आणि कोरियन ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (२०१७) दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातल्या दडपशाहीचं चित्रीकरण बाहेर नेणारा जर्मन पत्रकारही. प्रॉखनो टेरेन्स मॅलिक यांच्या ‘अ हिडन लाइफ’मध्ये (२०१९), म्हणजे पंच्याहत्तरी उलटल्यावरही गणवेशात आहेत. हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणाऱ्या ऑस्ट्रियन शेतकऱ्याची ती गोष्ट आहे. भूमिका लहान, पण असा चित्रपट कोणत्या बाजूला उभा आहे ते पाहूनच ती घेतली जाते, असं मी मानतो.

प्रश्न : ‘दास बोट’ नेमका कोणता बघावा? बाजारात लांबीचे दोन-तीन प्रकार दिसतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चित्रपटगृहात आलेली मूळ आवृत्ती सुमारे अडीच तासांची. १९९७ मध्ये पेटरसन यांनी स्वतः नव्याने जुळवलेली साडेतीन तासांची, आणि दूरचित्रवाणीवर भागांमध्ये दाखवलेली जवळपास पाच तासांची. पहिल्यांदा बघत असाल तर साडेतीन तासांची घ्या. ‘दास बोट’मध्ये काही न घडण्याचे दिवस फार महत्त्वाचे आहेत, तो कंटाळा, तो कोंदटपणा अडीच तासांत पुरता उतरत नाही. जर्मन आवाज आणि खाली उपशीर्षकं असंच बघा. इंग्रजी डबिंगही बहुतेक त्याच नटांनी केलंय, ते वाईट नाही, पण जर्मनमधली ती धापा टाकत दिलेली आज्ञा वेगळीच.

आणि प्रॉखनो यांचं उतारवयातलं काम बघायचं असेल तर अॅटम एगोयान यांचा ‘रिमेंबर’ (२०१५) शोधा. स्मृती हरवत चाललेला, नव्वदीचा एक ज्यू म्हातारा (क्रिस्टोफर प्लमर) ऑशविट्झच्या एका पहारेकऱ्याला शोधत निघालाय. त्या नावाची चार माणसं आहेत आणि प्रॉखनो चौथे. ते शेवटाकडे येतात, त्यामुळे आणखी काही सांगत नाही. तो संपल्यावर ‘लिआंडर्स लेत्स्ते राइझे’ (२०१७) बघा. त्यात ते वेअरमाख्टचे, म्हणजे हिटलरच्या काळच्या जर्मन सैन्याचे, एक वृद्ध माजी अधिकारी आहेत. पत्नीच्या मृत्यूनंतर युद्धकाळातल्या प्रेमाचा माग काढत हे गृहस्थ नातीबरोबर युक्रेनला जातात. मुख्य भूमिका त्यांचीच, आणि ती पूर्ण जर्मन आहे.