बदली शिक्षकाचे काम

मुंबई-आग्रा मार्ग व घोडबंदर रस्ता यांच्या सांध्यापाशी माजिवडा वसले आहे. आगरी व कोळी वस्तीचे, भातशेती आणि खाडी यांवर जगणारे हे मूळचे खेडे. आज ते १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. गावातील जुन्या घरांची मुले आणि कामधंद्यासाठी दूरच्या मुलखातून आलेल्या कुटुंबांची मुले अशा ठिकाणी एकाच फळ्यासमोर बसतात. अशा वर्गावर दुसऱ्याच्या रजेच्या काळात जाणाऱ्या शिक्षकाने कोणती अपेक्षा बाळगावी, याचा विचार मुरबाड-शहापूरच्या खेड्यांतील शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

बदलीचे काम दुय्यम होय, असा समज आढळतो. तो योग्य नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरविले आहेत. प्रसूतिरजा १८० दिवसांची असते. त्यातून सुट्ट्या वजा केल्या तरी मुलाच्या वर्षाचा केवढा मोठा भाग बदली शिक्षकाच्या हाती येतो, हे सहज ध्यानात येईल. शिक्षकाची नेमणूक तात्पुरती असते. मुलाचे ते वर्ष मात्र तात्पुरते नसते.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी वर्ग नव्या शिक्षकाची परीक्षा घेतो. कोणी दुसऱ्याच्या नावाने हजेरी देतो, कोणी जागा बदलून बसतो. ‘आमच्या बाई असं करत नाहीत,’ हे वाक्य तर हमखास कानी पडते. त्यात उद्धटपणा थोडा आणि आपल्या बाईंची आठवण अधिक असते. तेव्हा रागावण्याऐवजी ‘मग त्या कसे करतात, ते दाखव पाहू,’ असे म्हणावे. त्यायोगे मुलाचा मान राहतो आणि वर्गाची रीतही कळते. मूळ शिक्षकाविषयी उणा शब्द वर्गात कधीही काढू नये. हजेरीपट, टाचणवही आणि मुलांच्या वह्या आदल्या दिवशीच पाहून ठेवाव्यात. टाचणवहीवरून काय शिकवले ते कळते, मुलांच्या वह्यांवरून काय समजले ते कळते.

दोन रीतींचा घोटाळा

वरवर निरुपद्रवी दिसणारी एक चूक येथे सांगणे अवश्य आहे. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. एका रीतीने ५२ मधील एक दशक सुटा करतात. वर ४ दशक व १२ एकक होतात. १२ मधून ७ गेले, ५ उरले. ४ मधून २ गेले, २ उरले. उत्तर २५. दुसऱ्या रीतीने वर दहा एकक व खाली एक दशक मिळवतात. १२ मधून ७ गेले, ५ उरले. खालच्या २ चे हातच्याने ३ झाले, ५ मधून ३ गेले, २ उरले. उत्तर पुन्हा २५.

दोन्ही रीती शुद्ध आहेत. परंतु पहिली रीत अर्धवट मुरलेली असता बदली शिक्षकाने दुसरी सुरू केली, की मूल दोन्ही एकत्र करते. ते वरच्या ५ चे ४ करते आणि खालच्या २ चे ३ करते. उत्तर येते १५. अशा मुलाला मठ्ठ ठरविणे हा अन्याय होय. त्याने दोन्ही शिक्षकांचे ऐकले, एवढाच त्याचा दोष. म्हणून चालू असलेली रीत अगोदर जाणून घ्यावी आणि तीच पुढे चालवावी. आपली आवडती रीत आपल्या वर्गासाठी राखून ठेवावी.

बोली आणि ओळख

आगरी घरातील मूल ‘पाणी’ला ‘पानी’ व ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते. परका शिक्षक प्रत्येक शब्दाला अडवू लागला, तर ते मूल बोलायचेच थांबते. आणि न बोलणारे मूल पुढे गैरहजर राहू लागते. प्रथम बोलू द्यावे. प्रमाण रूप आपल्या उत्तरातून सहज कानावर घालावे. जुन्या ठाणे जिल्ह्यातील, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले. बदली शिक्षकानेही सलग दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी एकदा जाऊन यावे. ‘मी तर महिन्याभराचा,’ ही सबब त्या मुलाच्या उपयोगाची नाही.

निरोपाची नोंद

काम संपताना एक पानभर नोंद मूळ शिक्षकासाठी ठेवावी. कोणता पाठ कोठवर झाला, कोणती उदाहरणे कच्ची राहिली, कोणते मूल मागे पडले व कोणते प्रथमच बोलू लागले, एवढे तीत असावे. मूळ शिक्षकाला परतल्यावर वर्ग चाचपडत शोधावा लागला नाही, म्हणजे बदलीचे काम सफल झाले असे समजावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत उद्या बदली शिक्षक आला, तर आपल्या टाचणवहीवरून त्याला वर्ग चालविता येईल काय?

२. आपल्या वर्गात वजाबाकीची कोणती रीत चालू आहे? शेजारच्या वर्गात तीच आहे काय?