कलमी झाडांचे लाभ व हानि

हापूसाची कोय पेरिली असतां हापूसच येईल असा भरंवसा कोणीही देत नाहीं. कारण कोयींत दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. एक तिच्या आईचे, व दुसरे ज्या झाडाचा पराग माशीनें आणिला त्याचे. परंतु त्याच हापूसाची काडी रायवळ रोपावर बांधिली, तर तिला जें फळ येतें तें हापूसच होय. ती फांदी नवें झाड नव्हे. जुनेंच झाड दुसऱ्याच्या मुळांवर उभें आहे. केळीचा मुनवा, उसाचें बेणें, डोळा राखून कापलेली बटाट्याची फोड, ह्यांचीही गोष्ट तीच. शास्त्रज्ञ अशा संततीस क्लोन म्हणतात. नांव नवें, काम मात्र आपल्या आजोबांच्या हातचें.

लाभ उघड आहेत. कलम 4–5 वर्षांत फळास येतें. कोयीच्या रोपाची वाट बहुधा त्याच्या दुप्पट काळ पाहावी लागते. खाण्याच्या केळास तर बींच नसतें, तेव्हां दुसरा मार्गच नाहीं. जळगांवाकडे प्रयोगशाळेंत वाढविलेलीं ग्रँड नैन जातीचीं रोपें लावितात. तीं निरोगी असलीं तर घड बहुतेक एकाच वेळीं काढणीस येतात.

परंतु जसा गुण उतरतो तसा दोषही उतरतो. हापूसाच्या गोडव्याबरोबर गरांत साका होण्याची खोडही प्रत्येक कलमांत येते. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस ह्यांच्या संकरांतून साका नसलेली 'रत्ना' जात काढिली, ती कोयीपासूनच. नुसतीं कलमें बांधून ती कधींच निघाली नसती.

ह्याहून मोठें भय रोगाचें. 1845 सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला. तेथील गरीब कुळें बहुतकरून 'लंपर' ही एकच जात लावीत. म्हणून जो रोग एका वेलास मारी तो सर्वांस मारी. 1852 पर्यंत सुमारें 10 लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, व जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. (दोष केवळ बटाट्याचा नव्हता, त्याच वर्षांत त्या देशांतून धान्य बाहेर जात होतें.) पुढें 'ग्रो मिशेल' केळीचे मळे मातींतील बुरशीनें उठले, व 1960 च्या सुमारास व्यापारांत तिची जागा कॅव्हेंडिश कुळानें घेतली. आपली ग्रँड नैन त्याच कुळांतली. आतां त्या बुरशीचा नवा प्रकार तिलाही मारतो, व तो बिहार आणि उत्तर प्रदेशांत आढळला आहे.

म्हणून कलम सोडावें असें मी म्हणत नाहीं. सर्व शेत एकाच जातीचें करूं नये, व बांधावरचा रायवळ आंबा जळणासाठीं तोडूं नये, इतकेंच म्हणतों. बेणें मात्र स्वस्त मिळतें म्हणून डोळे मिटून घेऊं नये. उसाची लाल कुज बेण्यांतूनच एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाते. घेण्यापूर्वीं दोनचार ऊस उभे चिरून पाहावे. आंत लाल रंग, त्यांत आडवे पांढरे पट्टे, व आंबूस दारूसारखा वास असेल, तर त्या शेतांतील एक कांडेंही घरीं आणूं नये.