गरोदरपणातले झटके : मिरजेत उपचारांना पैसे कुठे लागतात, कुठे नाहीत

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यानंतर मुलगी मिरजेला येते आणि तपासणीचं कार्ड सासरीच राहतं. रक्तदाबाचा धोका पहिलटकरणीलाच जास्त, आणि तो चढतोही बहुधा याच शेवटच्या महिन्यांत. म्हणून माता व बालसंरक्षण कार्ड सोबत आणा आणि आल्या आठवड्यात आशाताईंकडे नाव नोंदवा. रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात.

रक्तदाब १६०/११० वर गेला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. इतक्या रक्तदाबाने मेंदूला, विशेषतः त्याच्या मागच्या भागाला, सूज येते आणि झटका येऊ शकतो. काहींना तात्पुरतं दिसेनासं होतं. ही सूज वेळेत उपचार झाले तर बहुधा उतरते. मेंदूत रक्तस्राव झाला तर मात्र जीवावर बेततं. झटका आलाच तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात, बाहेरची बाधा शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

झटक्यांवरचं मुख्य औषध मॅग्नेशियम सल्फेट, आणि ते स्वस्त आहे. प्रचलित पद्धतीत आधी १४ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, असं बाळंतपणानंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर २४ तास चालतं. बिल फुगतं ते आयसीयू, व्हेंटिलेटर आणि बाळाच्या काचपेटीमुळे. खासगीत जाणार असाल तर या तिन्हींचे रोजचे दर आधी लिहून मागा. सीटी स्कॅन किंवा एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. शुद्ध येत नसेल, एक बाजू लुळी पडली असेल किंवा झटके थांबत नसतील, तर तो करावाच लागतो. पण त्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवू नये.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिशेब वेगळा. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि रुग्णवाहिका मोफत. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. आजारी बाळाचे उपचारही फुकट. कोणी औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर चिठ्ठी हातात ठेवून अधीक्षकांच्या कार्यालयात विचारा. तो तुमचा हक्क आहे.

खासगी रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर भरती होतानाच तिथे योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमचा उपचार त्यात बसतो का, हे त्याच्याकडून पक्कं करून घ्या. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा.

घरी जायची घाई करू नका. झटका बाळंतपणानंतरही येतो, बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत, क्वचित नंतरही. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा मोजून घ्या, आणि पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यातच रक्तदाबाचा हा त्रास टाळण्यासाठी डॉक्टरांना ॲस्पिरिनबद्दल विचारा.