लॅटिनची एक विभक्ती, तीन कामे

प्रश्न : संस्कृतात संबोधनासह आठ विभक्ती, लॅटिनमध्ये सहाच. मग लॅटिनची ‘ॲब्लेटिव्ह’ म्हणजे आपली पंचमीच ना?

उत्तर : निव्वळ पंचमी नव्हे. मूळ इंडो-युरोपीय भाषेतील पंचमी, तृतीया आणि बहुतांशी सप्तमीही लॅटिनमध्ये या एकाच विभक्तीत विलीन झाल्या. म्हणून ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने, तर अंत्य स्वर दीर्घ उच्चारलेले ‘रोमा’ म्हणजे रोमहून. विभक्ती एकच, नाती वेगळी. सप्तमी पूर्वी स्वतंत्र होती, याचा पुरावा ‘रोमाए’ (रोममध्ये) या रूपात टिकून आहे. एवढे अर्थ एकत्र आल्यावर गोंधळ होणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण क्रियापद, नामाचा अर्थ आणि नामाआधी येणारी ‘एक्स’, ‘इन’, ‘कुम’ ही अव्यये तो बहुतेकदा मिटवतात. म्हणून आधी रूप ओळखावे, मग त्याचे वाक्यातले काम ठरवावे.